आईची वेगळी शेगडी

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलो, तेवढा गोड मानून घे). तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आपापल्या जागी शांत असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल.

फरश्या बसवता बसवता माझी कंबर गेली, तेव्हापासून घर सरकारी मदतीवर चालतं, हे तुला ठाऊक आहेच. आता नवा नियम आला आहे. घरात माणसं दोन असोत की बारा, एका घराला मदत एका मर्यादेपर्यंतच. (नियम करणाऱ्यांची मुलं बहुधा जेवत नसावीत.) त्या मर्यादेत एकतर भाडं बसतं, नाहीतर जेवण. कार्यालयात खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, स्वस्त गावात राहायला जा. गाव सहा तासांवर. तिथे काम मिळेल का विचारलं, तर म्हणाल्या, ते खातं दुसरं.

तेव्हा खालच्या इस्त्रीवाल्याने अक्कल शिकवली. कार्यालय माणसं मोजत नाही, शेगड्या मोजतं. वेगळी शेगडी म्हणजे वेगळं घर. झालं! मागच्या खोलीत आईची वेगळी चूल मांडून दिली. दाराला घंटी लावली, पाटी लावली. आणि खोटं बोललो म्हणून जिने आपल्याला जन्मभर बदडलं, त्या आईने हे नवं घर असं काही अंगावर घेतलं की विचारू नकोस. मी चहाला गेलो तरी आधी घंटी वाजवायला लावायची.

तपासणीस आला तो नेमका आमचा गॅस संपला त्या दिवशी. हिने सगळा स्वयंपाक आईकडे केलेला. त्या भल्या माणसाने आमच्या शेगडीवर हात ठेवून पाहिला (डॉक्टर कपाळावर ठेवतो तसा). गार! आत गेला तर आईची शेगडी पेटलेली, पातेलं भरलेलं आणि चारही नातवंडं ताटं घेऊन ओळीने बसलेली. त्याने विचारलं, ही कोणाची? आई बेधडक म्हणाली, "शेजारची. जेवायला येतात." त्याने माझ्याकडे बोट केलं, तर म्हणते, "तोही येतो. लहानपणापासूनची खोड आहे."

आठवड्याने निकाल आला. आईचं घर मंजूर. आमचं नामंजूर, कारण जिथे अन्न शिजत नाही ते घर नव्हे. सबब आम्ही सहाही जण आईचे पाहुणे, आणि पाहुण्यांना मदत नसते. तीस दिवसांत मुक्काम हलवावा, असंही खाली लिहिलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं!

शेवटी कार्यालयात जाऊन मी कान धरले. पुन्हा एकच घर झालो, पुन्हा तीच मर्यादा. आता सगळं सुरळीत आहे, काळजी करू नकोस. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सुरळीत वगैरे काही नाही. परवा जेवताना आई म्हणाली, "मदत काही वाढायची नाही. मग खाणारं एक तोंड तरी कमी होऊ दे." मी नको म्हणालो. पण आक्का, एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा तोंडातून शब्द फुटला नाही, याची फार लाज वाटते.

आणखी एक. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. पत्र आणणारी अजून दारातच उभी असेल. लेकीच्या घरी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, असं ठरवून निघाली आहे. वाचणं पुरे. आधी तिच्या हातातली पिशवी घे.