करुणाच्या पायाचा पट्टा

१४ जून २०१५, रवि.
नातीनं आज पुन्हा तलावात उडी घेतली. सहा-सात महिने पाण्याचं नाव काढत नव्हती. उन्हाळ्याचा तलाव, म्हशी बसतील एवढंच पाणी. करुणा म्हशींच्या मधातून पोहून राहिली आन मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसून एकटीच हसून राहिली. शेजारची धुर्पता म्हणते, काय वो बुढे, येड लागलं का? म्हटलं, हाव, लागलं.
ही डायरी खताच्या दुकानाची. करुणानंच दिली. आजी, दिवसभर माझं डोस्कं खाते, थोडं हिचंही खा म्हणते. मी दुसरी शिकली. जोडाक्षर आलं की पेन अडते. वाचणारं कोण आहे, मीच.

२१ जून, रवि.
मागच्या साली काय झालं ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून निघते.
स्पर्धा दूर, समुद्राकाठी. आधी दोन किलोमीटर पोहा, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावा. सगळं एकाच दिवशी, मधात टेकणं नाही. पायाले पट्टा बांधतात, त्याच्यात वेळेची मशीन असते. ठरल्या वेळात पाण्यातून निघालं नाही की पट्टा सोडून घेतात, मग सायकलले हात लावू देत नाहीत. करुणाचा पट्टा घेतला. काठावर पाय टेकवला आन एक बाई येऊन तिच्या पायाशी वाकली. करुणा सांगते, आजी, मले वाटलं पाया पडून राहिली.
हसत सांगते. मग तोंड फिरवते.

५ जुलै, रवि.
धानाची रोवणी लागली. करुणा सडक अर्जुनीच्या पेट्रोल पंपावर कामाले आहे, आज सुट्टी, तर ती पण चिखलात. दिवसभर वाकून रोवणी केली आन संध्याकाळी पाळीवरून धावत सुटली. रोवणीच्या बाया ओरडतात, काय वो करुणा, कोणाचा बैल सुटला? ती म्हणते, तुमचाच, मावशी, पकडून आणते. बाया चिखलात बसून हसल्या.
घरी आली तर रमेश तोंड पाडून बसलेला. लेक माझा, पण बोलणं असं की दगड बरा. म्हणतो, "माय, या साली पट्टा काढला त पुढं नाव घ्यायचं नाही. चोवीस वर्षांची झाली. पाहुणे येऊन राहिले आन हे पाळीवर पळून राहिली." करुणा म्हणाली, "कबूल." बस, एवढंच. मीच भांडली. म्हटलं, तिच्या आधी तू कबूल कर का तुले पोहता येत नाही म्हणून जळते. सून शालू पदर तोंडात धरून आत गेली.
पण शब्द दिला गेला. हे शेवटचं साल. स्पर्धा दिवाळीनंतर.

१९ जुलै, रवि.
तलाव भरला!! पाळीपासून पलीकडच्या मोहाच्या झाडापर्यंत पाणीच पाणी. करुणा गेली आन आली, गेली आन आली. मी तिच्या चपला मांडीवर घेऊन बसली, मोजायले लागली आन मधात झोप लागली.
मासे धरणारा भोजराज डोंग्यातून ओरडला, बुढे, तुझी नात माझ्या मासोळ्या पळवून राहिली. म्हटलं, तुझ्या जाळ्यात येत नव्हत्याच, आता तिच्या नावानं बोंब मार. तरी चार फेऱ्या तिच्या बाजूनं डोंगा चालवला त्यानं. चांगला माणूस आहे, तोंड तेवढं खराब.
गोंदियाचे सर, जे तिले फोनवर शिकवतात, ते म्हणतात मुंडी पाण्यात ठेव. ही मुंडी वर काढूनच पोहते. तलावात शिंगाड्याचे वेल, पाहून जा लागते ना. लहानपणापासूनची सवय, फोनवरून कशी जाईन.

९ ऑगस्ट, रवि.
मले लिहायची इच्छा नाही.

११ ऑगस्ट, मंगळ.
लिहिते. रविवारी सकाळी पाणी गार होतं. मी टोळीचं तेल कोमट केलं, मोहाच्या बियांचं, आन करुणाच्या अंगाले चोळलं. मांड्या, पोटऱ्या, दंड, तळहात. आमची माय आमाले असंच चोळे, मग आम्ही कमळाचे कंद काढाले तलावात जाऊ, थंडी वाजत नसे. करुणा नको नको म्हणत होती. मी ऐकली का? नाही.
पोहून निघाली तर रोहूसारखी चमकून राहिली. पुसलं तरी निघेना. तशीच सायकलवर बसली. वळणावर हात मुठीवरून सटकला. पडली. मनगटाचं हाड तडकलं. महिनाभर प्लास्टर.
सरांचा फोन आला. "दादी, तेल किसने लगाया?" मी शालूकडं फोन दिला.
तलाव काठोकाठ आन पोरगी काठावर. माझ्या हाताले काय म्हणू. सगळ्यायचा राग येऊन राहिला. तेलाचा, सायकलचा, त्या वळणाचा. रमेश सायकल उचलून घरी घेऊन आला, त्याचाही राग आला.

२३ ऑगस्ट, रवि.
करुणा एका हातानं पंपावर पेट्रोल भरते. ट्रकवाले विचारतात, क्या हुआ बहन? ती सांगते, दादी का प्यार. तिच्याच तोंडून ऐकलं, घरी येऊन नक्कल करून दाखवते. मले हसू येते आन मग नाही येत.
सायकल घरातच विटांवर उभी करून पाय मारायचं काहीतरी करून राहिली होती, चेनीत साडी गेली. माझी साडी. जाऊ द्या.
पाऊस गेला कुठं?

१३ सप्टेंबर, रवि.
प्लास्टर निघालं. हात वाळल्या काडीसारखा. तरी आज तलावात गेली, मोहाच्या झाडापर्यंत जाऊन परत आली. दात दाबून. मी तेलाचं नाव पण काढलं नाही. दुरूनच पाहिलं. काय पोहते माझी बाई! आपल्याच घरची आहे असं वाटतच नाही.

२० सप्टेंबर, रवि.
पाऊस नाहीच. धानाच्या बांधीत भेगा पडल्या, बोट जाते. आमचा भारी धान, उशिरा पिकणारा, पोटरीत आलेला, लोंबी निघायच्या बेतात. आता पाणी नाही भेटलं तर दाणा भरत नाही, नुसती तणस होते. लोक तलावाकडं पाहून राहिले. मी पण पाहते. करुणा पण पाहते. सगळे एकाच पाण्याकडं.

२७ सप्टेंबर, रवि.
पाळीवर मीटिंग झाली. तलावाचं दार, तुडुम, उघडून पाणी सोडायचं का नाही. ज्यायचा हलका धान, त्यायचं झालं, ते म्हणतात राहू द्या. भोजराज म्हणतो, माझी मासोळी मरते. भारी धानवाले म्हणतात, आमची पोरंबाळं मासोळी खाऊन राहतीन का? रडारड, शिव्या.
शेत माझ्या नावानं आहे, बुढा गेला तेव्हापासून. म्हणून मताचा हात माझा, रमेशचा नाही. आन आमची बांधी सगळ्यायच्या शेवटी. वरच्यांचं भरलं की मग आमच्याकडं पाणी येते. म्हणजे आमचा धान भिजवायचा तर अख्खा तलाव सोडा लागते.
सरपंच म्हणाले, "बुढे, तुझं काय?"
मागं पाहिलं. करुणा झाडाखाली सायकलमध्ये हवा भरून राहिली होती, खाली मान घालून.
मी हात वर केला. हवा भरायचा आवाज थांबला.

२८ सप्टेंबर, सोम.
तुडुम उघडलं. पाणी नहरातून काय पळून राहिलं! धान प्यायले लागला की त्याचा रंग पाहत राहावा. मन भरून येते. आन मनातच शिव्या देते, कोणाले देते ते समजत नाही.

४ ऑक्टोबर, रवि.
मोहाच्या झाडाखाली आता चिखल. करुणा मधातल्या डबक्यात गोल गोल पोहते, घाण्याच्या बैलासारखी. निघते तेव्हा कमरेपर्यंत गाळ, पायाले जळवा. मीठ घेऊन मी बसली होती. आठ दिवस धड बोलली नाही, तर मीच तोंड उघडलं. म्हटलं, पोरी, घरात खायले लागते ना.
म्हणाली, "आजी, तू हात वर नसता केला त मीच तुझा हात धरून वर केला असता. पण तू मले विचारलं नाही."
जळू ओढून फेकली आन गेली.
खरं आहे. बाप विचारत नाही, पाहुणे विचारत नाहीत. मी तरी विचारायचं होतं.

११ ऑक्टोबर, रवि.
आज विचारलं. काय करू सांग. म्हणते, पाणी शोधून दे.
भोजराजकडं गेली. त्याचं तोंड चढलेलं, मासोळ्यांमुळं. म्हटलं, शिव्या दे, मग ऐक. दिल्या. मग ऐकलं. त्याचा साळा पलीकडच्या मोठ्या तलावावर जाळी टाकतो. तिथं पाणी आहे.
साळ्याच्या मासेमारी संस्थेतले लोक म्हणतात, पोरगी बुडली त जबाबदार कोण? म्हटलं, मी. ते म्हणतात, बुढे, तुले पकडून काय करू? हसले. पण हो म्हणत नाहीत. कागद पाहिजे म्हणतात, घरच्याची सही. कोणाची? बापाची.
माझं तर डोकंच फिरलं.

१२ ऑक्टोबर, सोम.
काल रात्री रमेश सही द्यायले तयार नव्हता. "एवढ्या खोल पाण्यात? मी नाही लिहून देत." शालूनं ताट ठेवलं त्याच्यासमोर. नवऱ्यासमोर आवाज न काढणारी शालू. म्हणाली, "या धानासाठी तिनं पाणी सोडलं. तुम्ही जेवा." रमेशनं ताट सरकवलं. उपाशी झोपला.
सकाळी कागद चुलीजवळ होता. सही वाकडी.

२५ ऑक्टोबर, रवि.
रमेशच्या गाडीवर मागं बसून मोठ्या तलावावर गेली. कंबर मोडली, पण डोळे धन्य झाले. काठ दिसत नाही एवढं पाणी. वारा सुटला होता, लाटा येऊन राहिल्या. करुणा आत गेली. लहान लहान होत गेली. मग मुंडी दिसेना, म्हणजे दिसे, न दिसे. आता पाण्यात मुंडी ठेवते ती! वेल नाहीत ना इथं.
रमेश उभा. पाण्याजवळ जात नाही, लहानपणी बुडता बुडता वाचला होता. म्हणाला, "माय, हे एवढ्या दूर जाते?" म्हटलं, हाव.
घरी येऊन म्हणतो, स्पर्धेले मी पण जातो. पट्टा काढला त पोरीले घरी आणायले कोणीतरी लागते ना.
असं बोलतो. दगडच.

१५ नोव्हेंबर, रवि.
दिवाळी झाली आन करुणा तापली. नाक वाहून राहिलं. जायचं चार दिवसांवर. तिकीट रमेशचं पक्कं, तिचं वेटिंग! धावणारी वेटिंगवर आन पाहणारा पक्का, हा कुठला न्याय. काढा दिला. तिनं विचारलं, तेल नाही ना याच्यात?

१९ नोव्हेंबर, गुरु.
गोंदिया स्टेशनवर सोडून आली. ताप उतरला, खोकला आहे. तिकीट झालं एकदाचं. सायकल खोक्यात बांधून, रमेश त्या खोक्याले धरून उभा, जसं कोणी पळवूनच नेते.
शेजारून आणलेल्या नव्या हलक्या धानाचे पोहे बांधून दिले. टोळीच्या तेलाची शिशी पण हळूच बॅगेत टाकली होती, झोपताना छातीले लावायले. गाडी सुटताना करुणानं खिडकीतून माझ्या हातात दिली. "आजी, हे इथंच राहू दे वो."
पाया चढायच्या आधीच पडली होती. मी म्हटलं, मुंडी आत ठेव.

२२ नोव्हेंबर, रवि.
सकाळपासून शालूचा मोबाईल माझ्याकडं. वाजत नाही. बांधीत धान कापणं सुरू आहे, बाया आल्या, मी बांधीच्या काठावर, धुऱ्यावर बसली. दाणा चांगला भरला. काय करू त्याले.
वाजला. रमेश.
"माय, निघाली पाण्यातून."
"वेळात?"
"मले काय समजते वेळ. लय जण आधी निघाले, काही मागं राहिले. मग एक बाई तिच्या पायाशी वाकली."
मी मोबाईल कानाले दाबला. "मंग?"
"मंग उठली. पट्टा ढिला झाला होता, घट्ट बांधून दिला."
"पायात आहे?"
"पायातच आहे. सायकल घेऊन पळाली. माझ्याकडं पाहिलं पण नाही."
मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हटलं, बाबू, तुले पण सर्दी झाली का? फोन कटला. लावते तर लागत नाही. लोक लय, टावर नाही, काय माहीत.
नव्वद किलोमीटर. मग धावायचं. मनगट दुखते तिचं, सांगत नाही. खोकला आहेच. मी बांधीत ओरडून सांगितलं, पट्टा पायातच आहे! बायांनी विळे थांबवले. धुर्पता म्हणते, "कोणता पट्टा वो बुढे?"
आता यायले तलावातल्या म्हशींपासून सगळं सांगा लागते. मोबाईल मांडीवर आहे.