सत्तावीस डिसेंबरची पोरगी

तिवसा,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय चंदाताईस,
आरतीचा नमस्कार. भाऊजी बरे असतील. इथे सोयाबीन निघून राहिलं, शाळेत अर्ध्या पोरी नाहीत.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिली. तुझ्या आचलची निवड झाली नाही, तुझा राग बरोबर आहे. पण मीही आठ दिवस पेटून आहे, आणि तुझ्यावर नाही.

अमरावतीच्या विभागीय निवडीनंतर, मी निवड समितीत होती म्हणून, व्हॉलीबॉलच्या बारा पोरींचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. जन्मतारखा लिहिता लिहिता हात थांबला. जानेवारी, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. बारापैकी नऊ पोरी पहिल्या तीन महिन्यांतल्या. सप्टेंबरनंतरची एकही नाही. ताई, चौदा वर्षांखालचा गट एक जानेवारीपासून मोजतात. आपली आचल सत्तावीस डिसेंबरची. त्याच वर्षाच्या त्या पोरी तिच्याहून नऊ ते बारा महिन्यांनी मोठ्या. या वयात तेवढ्यात चार बोटं उंची वाढते, आणि आम्ही त्याले गुणवत्ता म्हटलं. पाच दिवस उशिरा जन्मली असती, तर पुढच्या वर्षी याच गटात ती सर्वांत मोठी ठरली असती.

यादी घेऊन मी निवड समितीचे प्रमुख देवमनसर यांच्याकडे गेली. ते म्हणाले, "मॅडम, नेट सगळ्यांले सारखंच असते. आता तारीख पाहून खेळाडू निवडायचे काय?"

मी म्हटलं, "सर, तारीख पाहूनच निवडले. फक्त आपल्याले ती दिसली नाही."

पुन्हा चाचणी घ्या म्हटलं, तर यादी वर गेली म्हणे. तिथेच टेबलावर समितीचा राजीनामा लिहून दिला. त्यांनी तो न वाचताच फाइलीत ठेवला.

आई सांगत होती, आचलनं गुडघ्याचे पॅड शेजारच्या पोरीले देऊन टाकले, आणि तू तिले रोज सकाळी दाराच्या दांड्याले लटकवतेस, उंची वाढावी म्हणून. ते आधी बंद कर. पोरीत खोट नाही. चाचणीच्या साठ पोरींत चेंडू कुठे पडणार हे तिलेच सर्वांत आधी कळत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं.

पाहिलं, तरी काय केलं ते आता सांगते. समितीपुढे माझं काही चाललं नाही, असं मी तुले म्हटलं होतं. ते खोटं होतं. सरांनी आचलच्या नावाशी थांबून मलेच विचारलं, "तुमची भाची आहे ना? तुमीच सांगा." मावशीनं घुसवली असं लोक म्हणतील, याची मले भीती वाटली. मी म्हटलं, "उंचीत कमी पडते." आणि माझ्याच पेनानं नाव खोडलं.

मग ती मैदानाच्या कडेला माझ्याकडे आली. "मावशी, माह्यं काय चुकलं?" मी म्हटलं, "अजून मेहनत कर, बेटा." त्या वाक्यासाठी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याले येऊन राहिली. आचलले समोर बसवून हे सगळं मीच सांगणार. ती मले जे बोलेल ते बोलू दे, तू मधात पडू नको. तुले दार उघडायचं नसेल, तर तिले बाहेर पाठव.

माफी मागायले येणारी, मिळेलच असं न धरता,
तुझी लहान बहीण
आरती