पंचविशीपर्यंत बांधलेला

३ जुलै २००९
राव्हेन्नाहून फोन! तिथल्या एका क्लबला गोलकीपर हवाय — मी! बंदरावर नोकरीही देणार. फक्त आमच्या क्लबने मला मोकळं करायला हवं. अध्यक्ष एजिदियोकाका म्हणजे माझे धर्मपिता. गालावर चापटी मारून म्हणाले, "जा रे लोरिस, तुला कोण अडवतंय!"

८ जुलै
तरीही धाकधूक. शब्दकोश काढला. व्हिंकोलो — पाळावंच लागणारं बंधन. कायद्याचं, रक्ताचं, लग्नाचं. खेळाडूचं वेगळं दिलेलं नाही, पण मैदानावर हा शब्द आम्ही रोज ऐकतो. लग्न लावताना पाद्रीही हाच शब्द वापरतात, बायका डोळे पुसतात. पण तिथे दोघांना आधी विचारतात तरी! मी शाळकरी असताना रविवारच्या जेवणानंतर, टेबलावरच्या बश्या बाजूला सारून सही केली. शेजारी बाबांनी केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचविशीपर्यंत मी क्लबचा, हे कुणी बोललं नाही.

१६ जुलै
मोकळं केलेल्यांची नावं क्लबच्या दारावर लागली. माझं नाही. पुन्हा वाचली. नाही.

१७ जुलै
एजिदियोकाका बारमध्ये पत्ते खेळत होते. मान वर केली नाही.
"तुम्ही शब्द दिला होता."
"व्हिंकोलो म्हणजे व्हिंकोलो, पोरा. उद्या बायको म्हणाली, सोड मला — सोडशील?"
सगळे खदखदून हसले. एकजण म्हणाला, "आधी मिळू दे तर खरी!"
माझे कान तापले. बाप्तिस्म्याला याच माणसाने मला हातांवर घेतलं होतं!

घरी बाबांनी टेबलावर मूठ आपटली. "मी बघतो त्याच्याकडे!" तावातावाने गेले. परत आले ते खांदे पाडून. "ऐकत नाही रे." मी त्यांना मिठी मारली. निदान बाबा तरी माझ्या बाजूने आहेत.

२० जुलै
राव्हेन्नाने दुसरा घेतला.

२१ जुलै
हातमोजे परत द्यायला क्लबात गेलो. काका एकटेच होते. म्हणाले, "मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण तू विचारून गेलास, त्याच रात्री तुझा बाप इथे बसून रडला. 'थोरला गेला तो आलाच नाही, याला सोडू नकोस. आणि माझं नाव सांगू नकोस.' काय करू मी?"

जेवताना बाबांनी मला आधी वाढलं. म्हणाले, "त्या एजिदियोचं पुन्हा तोंड बघू नकोस. विश्वासघातकी माणूस."