आईच्या हातातला कपडा

५ मार्च, राखेचा बुधवार

कपडा शिवून झाला! पांढरी मलमल, एका कोपऱ्यात गव्हाची ओंबी. मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाला, अभिषेकला, धर्मगुरूपदाची दीक्षा मिळेल. बिशप त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतील, मग हात या कपड्याने बांधतील. नंतर कपडा आईचा. ती गेली की शवपेटीत तिच्या हातात द्यायचा — देवाला दाखवायला, की बघ, माझा मुलगा मी तुला दिला.

आईने कपडा नाकाला लावून पाहिला. अजून तेल कुठे लागलंय! डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. मला वाटतं ती या कपड्यासाठीच थांबली आहे.

१२ मार्च

अभिषेकचा फोन. दीक्षा घेत नाही म्हणतो.

१३ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पत्रिका छापून आल्यात. कळंबच्या मावशीने साडीसुद्धा घेतली.

आज पुन्हा फोन लावला. काहून रे? म्हणे, "आपल्या मर्जीनं येऊन राह्यलो, असं सोताच्या हातानं लिहून द्या लागते ताई. बसलो लिहाले. नाही झालं." मग आधीची पायरी, डीकन झालास, तेव्हा कसं लिहिलंस? "तवा मले माहीत नव्हतं." काय माहीत नव्हतं? "आईले इचार."

आईला विचार! जिला दारापर्यंत चालवत नाही, तिच्यावर ढकलतोस? भित्रा! फोन आपटला.

१६ मार्च

आईला मीच सांगितलं. असली कामं माझ्याच वाट्याला. वाटलं होतं, कोसळेल. तिने फक्त भिंतीकडे तोंड केलं. "काई बोल्ला का तो? दुसरं काई?" एवढंच दोनदा विचारलं.

१८ मार्च

मर्जी म्हणे! माझी मर्जी कुठे होती?

मुकुटबनचा पियुष आठवला. तिथल्या शाळेत मास्तर, आपल्याच धर्माचा. मला पाहायला आले होते, तेव्हा जाताना दारात थांबून म्हणाला, "चर्चमध्ये तुमी गाता म्हणे. आयकाले येईन म्या." किती रविवार मी गाताना मागच्या बाकाकडे बघायचे! आला नाही. आई म्हणाली, "त्यायले पोरगी पसंत नाही. देवाची इच्छा." फादरांनीही तेच सांगितलं — स्वीकार कर, मंजुषा. केला. पुन्हा कुणाला घरी बोलावू दिलं नाही. आईजवळ कुणीतरी हवंच होतं. मी होते म्हणून अभिषेक निर्धास्त शिकला. आणि आता, सगळं झाल्यावर, याला मर्जी आठवते!

दगा दिलास, अभ्या. खरंच दिलास.

२५ मार्च

देवदूताच्या निरोपाचा सण. फादरांचं प्रवचन: कृपा आधी येते, तिच्याच बळावर आपण 'हो' म्हणू शकतो. पण तो 'हो' आपला असावा लागतो. देव हात देतो, फरपटत नेत नाही. येशूची आई होशील का, हे मरियेलासुद्धा त्याने विचारलं, आणि तिच्या उत्तरासाठी थांबला.

मिस्सानंतर गाठलंच त्यांना. म्हटलं, अभिषेकवर कृपा कमी पडली का? म्हणाले, "कृपा 'नाही' म्हणणाऱ्यालाही सोडत नाही." आणि माझ्या वेळी? मला कोणी विचारलं होतं? कोण थांबलं होतं? फादर चष्मा पुसत राहिले.

घरी येऊन प्रार्थना केली नाही. देवावरच रुसले आहे, तर बोलायचं कुणाशी?

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

अभिषेक सामानाची पेटी घेऊन घरी आला. आईची औषधं मला न विचारता आपल्या हातात घेतली. आईला भरवतो, पाय चेपतो. आई मात्र त्याच्याशी नजर मिळवत नाही. बरोबर आहे तिचं. मीही बोलत नाही. पोळ्या करून ठेवते, वाढत नाही.

१७ एप्रिल

आतल्या खोलीत त्याचा आवाज — "तू सांगतं का म्या सांगू?" मी आत गेले तर तो आईचे पाय चेपू लागला.

२० एप्रिल, ईस्टर

पियुषच्या घरून होकार आला होता. नकार आईने कळवला होता.

आज तिनेच सांगितलं, माझा हात धरून. "एक लेकरू देवाले देल्लं व्हतं मंजू. एक मले पाह्यजे व्हतं." नाताळात हेच अभिषेकला सांगून बसली, जणू मोठं पुण्य केलं. आपल्या दीक्षेची किंमत ताईने भरली हे कळलं, तिथेच त्याचा 'हो' संपला. ताईला तूच सांग म्हणून तो तिच्या मागे लागला होता.

देवाची इच्छा! इतकी वर्षं मी आईच्या इच्छेपुढे गुडघे टेकत होते.

आईने उशाखालून तो कोरा कपडा काढला, माझ्या मांडीवर ठेवला. "मले माफ करशीन का?"

पहिल्यांदाच मला कोणी काही विचारलं. म्हटलं, विचार करून सांगते.