तात्या पोरं मोजत नाहीत

१ नोव्हें., शनि.
मालिकेचा पाचवा भाग झाला. सात वाजून एकतीस मिनिटांनी पहिला फोन, मार्गासनीहून वन्सं. "वहिनी, काय तो होडीवाला आबा! पुस्तकात इतका कुठं होता?" झालं. कौतुकही करायचं आणि चिमटाही काढायचा, हे ह्यांच्या बहिणीलाच जमतं.

मालिका निघालीय ती 'पाणकाठची पोरं' या माझ्या सहा पुस्तकांवर. बारा वर्षं लिहितेय, शाळा सांभाळून. त्यातला आबा म्हणजे आमचे धोंडीतात्या. पलीकडच्या वाडीतली अकरा पोरं ते रोज धरणाच्या पाण्यातून माझ्या शाळेत आणतात आणि नेतात. होडी सोडण्याआधी ओल्या हाताने एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजतात. ती लकब मी आबाला दिली. तात्यांना विचारून दिली, पहिलं पुस्तक त्यांच्याच हातून प्रकाशित केलं.

आज तो हात पडद्यावर इतका छान दिसला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग शेवटी पुढच्या भागाची झलक. पाण्यावर धुकं, आबाचा चेहरा, आणि अक्षरं: आबा पोरं का मोजतो?

माझ्या एकाही पुस्तकात याचं उत्तर नाही. मी मुद्दाम लिहिलेलं नाही.

२ नोव्हें., रवि.
मानसीला फोन. मालिका तीच लिहिते. पुण्याची, तिशीची, बोलायला गोड.

"अगं ताई, तुम्हीच तर सांगितलंत! त्या गोष्टीवरच आख्खा आबा उभा केलाय."
"पण नाव? नाव तरी बदललंस ना?"
"साळू? किती गोड नाव आहे. तेच ठेवलं."

फोन ठेवून दिला.

आता इथे तरी खरं लिहावं. जूनमध्ये मानसी आली होती. पडवीत बसलो, उपमा केला होता. ती म्हणाली, पुस्तकं सुंदर आहेत ताई, पण आबा जरा सपाट वाटतो. सपाट! बारा वर्षं माझ्या पोरांनी ज्या आबाची चित्रं काढली तो सपाट! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, सपाट? मग ऐक.

आणि सांगितलं. तीसेक वर्षांपूर्वी भोरच्या बाजाराच्या दिवशी होडी भरलेली, घाई होती, तात्यांनी न मोजता होडी सोडली. त्यांची स्वतःची साळू, आठ वर्षांची, काठावर राहिली. होडीमागे पाण्यात उतरली. सापडलीच नाही. तेव्हापासून तात्या मोजतात.

हे मला हौसाकाकूंनी सांगितलं होतं. काकू म्हणजे तात्यांची बायको. तापाने फणफणल्या होत्या, मी रात्रभर उशाशी होते. माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "कुनाला बोलू नगा बाई. ह्यास्नी तर कळूच देऊ नगा की म्या बोलले. ते नाव आमच्या घरात घेत न्हाईत."

मी ते नाव उपम्याबरोबर वाढलं.

४ नोव्हें., मंगळ.
दिवाळीची सुट्टी संपून शाळा कालच भरली. पोरांना मालिकेशिवाय विषय नाही. चौथीतल्या श्रावणीला विचारलं, पुस्तक आवडलं की टीव्ही? जरा विचार करून म्हणाली, "बाई, पुस्तकातला आबा नुसतं वल्हं मारतो. टीव्हीतल्याच्या पोटात कायतरी हाय."

या पोरीला परीक्षक नेमायला हवं.

दुपारी काठावर गेले. तात्यांनी नवी टोपी घातलेली. कुणाकुणाच्या आयांनी मोबाईलवर त्यांना मोजताना टिपलं म्हणे, तीनदा मोजायला लावलं. "पानशेतला शूटिंग केलं त्येंनी, पर हात माजाच हाय का न्हाई, बाई? शनवारी समदी वाडी सरपंचाकडं बसनार. हौसा बी येनार हाय. ती कदी कुठं जात न्हाई बगा."

मी हसले. हसताना गाल दुखले.

५ नोव्हें., बुध.
आज सांगायचंच म्हणून शाळा सुटल्यावर पोरांबरोबर होडीत बसले. तात्यांनी मलाही मोजलं. "बारा." ओला हात केसांवर. अकरा जोड्या कान समोर, काय बोलणार? पलीकडे उतरून घरी गेले तर काकूंनी ठेवणीतलं लुगडं दोरीवर वाळत घातलेलं. शनिवारसाठी. चहा प्यायले आणि त्याच होडीने परत आले.

मी भित्री आहे. पुस्तकात पोरांना मगरीशी लढायला लावते आणि स्वतः एका म्हाताऱ्याशी चार वाक्यं बोलू शकत नाही.

७ नोव्हें., शुक्र.
ह्यांना सगळं सांगितलं. हे भोरला झेरॉक्सचं दुकान चालवतात, जगातल्या सगळ्या कागदांचं ह्यांना कळतं. मालिकेचा करार काढून वाचला. मूळ कथेत फेरफार करण्याचा हक्क मालिकावाल्यांना. खाली माझी सही, वळणदार. "आता कागद विसर. तू सांगितलं नाहीस तर उद्या टीव्ही सांगेल," एवढंच बोलले आणि जेवायला बसले.

मानसीला पुन्हा फोन. म्हटलं, निदान नाव काढ, तिथला आवाज पुसून टाक. तर म्हणे, भाग केव्हाच चॅनेलकडे गेलाय ताई. मग म्हणाली, "बघा तर खरं, लोक वेडे होतील."

संध्याकाळी काठावर. तात्या एकटेच डब्याने होडीतलं पाणी उपसत होते. म्हटलं, "तात्या, उद्याचा भाग बघू नका."
"का? म्या वंगाळ दिसतो का काय त्यात?"
"तसं नाही, पण त्यांनी जरा..."
"अवं नाटकच की ते, बाई. आमी काय येडं हाव का?"
आणि हसत सुटले. दोन दात नाहीत, तरी काय हसतात.

मी पुढे बोलले नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःला म्हणता येणार नाही की संधी मिळाली नाही.

८ नोव्हें., शनि.
बघितला.

पडद्यावरच्या साळूला लाल रिबिनी. घाईत सुटलेली होडी. "आबाऽ, म्या ऱ्हायले!" मग आबाचं वेड. मोजता मोजता तो दर वर्षी एक पोर ठेवून घेतो, साळूच्या जागी. शेवटी एका मुलीला कपारीत लपवतो आणि होडीत येऊन शांतपणे पुन्हा मोजतो. एक कमी. भाग संपला.

हे मी सांगितलं नव्हतं. हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं.

मोबाईलवर भागाखाली प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया. मी वाचत बसले, वाचायला नको होत्या.
"अंगावर काटा! पुस्तकापेक्षा शंभर पट भारी."
"त्या हाताची आता भीती वाटतेय."
"लहान मुलांच्या मालिकेत हे काय दाखवता? बाकी अभिनयाला सलाम."
"लेखिकेच्या कल्पनाशक्तीला दंडवत."
"असल्या म्हाताऱ्याला त्याच धरणात बुडवा."
या शेवटच्याला सगळ्यांत जास्त अंगठे.

दंडवतवाली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. क्षणभर बरं वाटलं. अशी बाई मी.

वाडीतून एकही फोन नाही.

९ नोव्हें., रवि.
मीच श्रावणीच्या आईला फोन केला. ती दबक्या आवाजात बोलली. सरपंचाच्या घरी चाळीस माणूस. नाव आलं तसे तात्या उठून बाहेर गेले. लोकांना आधी कळेना. मग एक म्हातारी बोलून गेली, आगं बया, ही तर धोंडीची साळू. नव्या सुनांना तिथेच कळलं.
"आणि काकू?"
"त्या बसून ऱ्हायल्या. जाहिराती संपस्तोवर बसल्या."

दिवसभर काही सुचलं नाही. भाजी करपली.

१० नोव्हें., सोम.
अकरातली आठच पोरं होडीने आली. तिघं रस्त्याने, धरणाला वळसा घालून एसटीने, दुसऱ्या तासाला उगवली. का रे? "आई म्हनली होडीत न्हाई बसायचं." श्रावणी म्हणाली, "बाई, आज तात्यांनी मोजलं न्हाई. बंड्यानं आदीच मान खाली घातली, म्हनून."

मधल्या सुट्टीत धावत काठावर गेले. तात्या दोरखंड गुंडाळत होते. वर बघितलं नाही.
"तात्या, चूक माझी आहे. मी त्या मुलीला बोलले."
त्यांनी दोरखंडाचा आणखी एक वेढा घातला.
"तुमाला कुनी सांगितलं?"
काकूंना वचन दिलेलं.
"म्या तर न्हाई सांगितलं. म्हंजी हौसानं." दोर खाली टाकला. "मला वाटलं व्हतं, म्या न मोजता होडी सोडली ते आमच्या दोगातच हाय."
"तात्या, तो वेडा आबा मी लिहिलेला नाही हो..."
"आता म्या हात उचलला का पोरं मान काडून घेत्यात, बाई. तीस वरीस लावला हात." होडीत जाऊन पाठ करून बसले.

मला रडू आलं ते परत येताना, खडीच्या रस्त्यावर. एका मोटारसायकलवाल्याने विचारलं, मॅडम, मालिकेतली होडी हीच का?

१२ नोव्हें., बुध.
संध्याकाळी होडी गेली. मी वर्ग बंद करून घराकडे वळले तर काठावर कुणीतरी हुंदके देतंय. पहिलीतली पिंकी. शौचालयात गेली होती. बाहेर येऊन बघते तर होडी मध्यावर. चपला काढून ठेवलेल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी.

मी कशी पळाले मला माहीत नाही. उचलली. तिकडे हाका मारल्या. होडीतल्या पोरांनी बघून आरडाओरडा केला तेव्हा तात्या वळले. असं वल्हवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काठाला लागले, पिंकीच्या ओल्या पायांकडे बघितलं आणि होडीतच खाली बसले.

सगळ्यांना सोडायला मी पलीकडे गेले आणि प्रत्येक पोर त्याच्या आईच्या हातात दिलं. पिंकीची आई मला म्हणाली, "तुमचं लिवनं ऱ्हाऊ द्या जरा, बाई." बरोबर बोलली.

१३ नोव्हें., गुरु.
मानसीचा निरोप, जसाच्या तसा: "ताई, जबरदस्त प्रतिसाद! शनिवारचा सातवा भाग तयार आहे, त्यात शोधाशोध. शेवटचा आठवा भाग रविवारी पानशेतला शूट. दोन शेवट लिहिलेत. एक, पोरं आबाला पकडून देतात. प्रेक्षकांना तेच हवंय. दोन, साळू जिवंत सापडते, मोठी झालेली, आबा शुद्धीवर येतो. वरचे म्हणतात मूळ लेखिकेचा शब्द शेवटचा. शनिवारी रात्रीपर्यंत कळवा."

आत्ता माझा शब्द शेवटचा! हे म्हणाले, दुसरा सांग, त्यात विचार कसला? मीही तेच टाइप केलं. मग वाटलं, पाठवण्याआधी या वेळी तरी विचारावं.

१४ नोव्हें., शुक्र.
बालदिन. पोरांना राजगिऱ्याचे लाडू वाटले आणि शेवटच्या होडीने पलीकडे गेले. तात्यांनी मोजलं नाही.

काकू चुलीपुढे. मला बघून पाट सरकवला. शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. त्या तवा उतरवून माझ्याजवळ सरकल्या.
"बाई, येक इचारू का? फुडं त्यात साळू सापडती का वो?"

मी मानसीचे दोन्ही शेवट सांगितले.
"न्हाई, ती पोरगी तशीच दिसती. रिबिनी नव्हत्या, येवढंच. पर हाक तशीच मारली बगा तिनं." पदराने तोंड पुसलं. "ह्या घरात तीस वरसांनी कुनी नाव घेतलं तिचं. सापडू द्या. त्यात तरी."

दारात तात्या. कधी आले कळलं नाही.
"न्हाई सापडायची," मला म्हणाले, काकूंना नाही. "खोटं दावू नका, बाई. म्या आट दीस गळ टाकून बसलो व्हतो. समदं धरान बगितलं. आता लोकं टाळ्या वाजवनार, सापडली म्हून? मला पकडून द्या. त्ये खरं हाय. म्या मोजलं न्हवतं."
"तुमी गप ऱ्हावा," काकू म्हणाल्या. माझ्यासमोर नवऱ्याला असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "तुमी तीस वरीस गप ऱ्हायला, आता बी ऱ्हावा."

तात्यांनी मला परत आणून सोडलं.

१५ नोव्हें., शनि.
सकाळची शाळा. सुटल्यावर मीच काठावर उभी राहिले आणि मोठ्याने मोजलं. एक श्रावणी, दोन बंड्या... नऊ. दोघं अजून एसटीने जातात. माझं मोजून होईपर्यंत तात्यांनी वल्हं उचललं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पिंकी शेवटी बसली होती. तिने स्वतःच डोकं पुढे केलं, त्यांच्या हाताशी. हात वल्ह्यावरच राहिला. होडी गेली.

संध्याकाळचे पावणेसात. मानसीचे दोन निरोप येऊन पडलेत: ताई? ताई, कळवा ना. मी "सापडू दे" लिहिलं, पुसलं. "पकडू दे" लिहिलं, ते तर लगेच पुसलं. तिसरा शेवट लिही असं कळवू? काय लिहायचा तिसरा?

दार वाजलं. काकू. ठेवणीतलं लुगडं. "सरपंचाकडं नगं वाटतं. तुमच्या हितं बगते."
"आलात कशा?"
"त्येंनीच आनलं. खाली हायत, होडीत. वर येनार न्हाईत म्हनले."

त्यांना टीव्हीसमोर बसवलं. चष्मा पदराला पुसून मांडी घालून बसल्यात. हे तात्यांसाठी चहाचा कप घेऊन खाली काठावर गेलेत, त्याला आता वीस मिनिटं झाली. मोबाईल माझ्या मांडीवर उलटा. काकूंनी आवाज वाढवायला सांगितलाय, खाली ऐकू जाईल इतका.