बाबांचा चष्मा मी नेलाय

दादा,

कपाटातली बाबांच्या चष्म्याची डबी रिकामी दिसेल. घरात चोर शिरला नव्हता, मीच नेलाय. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग मला तो खरंच चोरावा लागला असता.

पुरातून बचावलेली माणसं शाळेत उतरलीत. नेसत्या कपड्यांनिशी निघाली, निम्म्यांचे चष्मे पाण्यात गेले. काल आपल्या दुकानातले पडून राहिलेले सगळे वाटून आले. एक सुतार आजोबा तेवढे राहिले. सापडलेल्यांच्या यादीत त्यांच्या बायकोचं नाव नाही. मी तीनदा वाचून दाखवली. म्हणाले, "पोरी, तुझ्यावर राग नाही. पण स्वतः वाचल्याशिवाय मी मानणार नाही." त्यांचा नंबर तपासला, तर हुबेहूब बाबांचा. तेव्हापासून जिवाला चैन नाही. आज नवी यादी लागणार आहे. नाव असो वा नसो, ती त्यांना वाचता आली पाहिजे.

दूध तापवायचं राहिलंय, तेवढं बघ.

बाबा गेल्यापासून त्यांच्या वस्तूंवरून आपला अबोला चाललाय. तो हवा तर पुढे चालू ठेव. पण काल नंबर तपासायची पेटी एकटीने ओढली, आज खांदा वर होत नाही. ती दुकानात आहे, आज नव्याने येणाऱ्यांचे नंबर घ्यायचेत, घेऊन शाळेत ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. फक्त तिथे कुणाच्या नाकावर बाबांचा चष्मा दिसला, तर परत मागू नकोस.

धाकटी