हवालदाराने पाहिलं ते

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तळेगावातल्या तुमच्या स्वयंपाकघरात, पोळपाट बाजूला सारून तुम्ही आमच्या घरचा जुना मोडी कागद पसरलात, त्या दिवसाबद्दल आज लिहायचं आहे.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगत. गावच्या पाटीलकीवरून शेजारच्या घराशी भांडण लागलं, तेव्हा बादशहाचा हवालदार, म्हणजे त्या वेळचा मुलखाचा अधिकारी, न्याय करायला आला, सभा बसली, आणि आमच्या पूर्वजाने उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढला. हात भाजला नाही, म्हणून पाटीलकी आमची. जत्रेत पालखीला पहिला खांदा आमचाच. मला ते लेखी हवं होतं, म्हणून कुसगावहून एसटीने कागद घेऊन आलो होतो.

तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचताय. हात पिशवीत बांधून हवालदाराने वर मोहोर केली. तिसऱ्या दिवशी सभेपुढे पिशवी उघडली. तुम्ही थांबता, चष्मा पुसता. "फोड आले होते. तुमचा माणूस खोटा ठरला."

"सर, तेवढी ओळ लिहून देऊ नका," मी म्हणालो.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "हवालदार परका होता, गावात वजन तुमच्या घराचं; निवाड्यानंतरही मान तुमच्याकडे राहिला तो त्याच वजनावर. त्याला तुमच्या बाजूने काहीही लिहिता आलं असतं. त्याने पाहिलं ते लिहिलं. तुला तर फक्त ऐकायचंय."

देवनागरीत पूर्ण नक्कल करून माझ्या हातात दिलीत. घरी वडील म्हणाले, "ह्ये कुणाला दावू नगंस." नक्कल कपाटात गेली आणि तुमच्याकडे येणं मी बंद केलं.

वडील गेल्यावर, या चैत्रात, ती घेऊन मी शेजारच्या घरी गेलो. तिथले आबा आता नव्वदीचे आहेत. त्यांच्या नातीने मोठ्याने वाचून दाखवलं.  आबा म्हणाले, "माजा बाप सांगायचा, आपुन हरलो न्हाई. आमी त्याला येडा म्हनायचो." आणि डोळे पुसत बसले.  यंदा जत्रेत पहिला खांदा त्यांच्या घराने दिला. भावकीतले दोघं तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्ही असताना हे केलं असतं, तर तुमच्यासमोर उभं राहून तुमचंच बरोबर होतं असं म्हणावं लागलं असतं. वडील नको म्हणाले होते, हे कारण मी उगाच पुढे करत आलो. तुम्ही होतात तोवर थांबलो तो तेवढ्यासाठी.